पत्राची शिस्त : मोडी दप्तरापासून गोडादऱ्यापर्यंत

मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून जे असंख्य कागद आज जपले गेले आहेत, त्यांत पत्रांचा वाटा फार मोठा आहे. आणि या पत्रांतही निव्वळ खुशालीची पत्रे थोडी, कामकाजाची अधिक. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात प्रामुख्याने १७५० ते १७६१ या काळातील अशीच पत्रे होती. कोणी रसद मागतो आहे, कोणी हुंडीची वाट पाहतो आहे, कोणी थकलेल्या वसुलीचा तगादा लावतो आहे. इतिहासकारांनी या पत्रांतून लढाया आणि तह शोधले. परंतु ती लिहिली कशी जात, दूरच्या माणसाकडून काम करवून घेण्याची त्यांची हातोटी कोणती होती, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. व्यवहारपत्राच्या कलेचा मराठीतील इतिहास मात्र याच प्रश्नापासून सुरू होतो.

जुन्या पत्राची बांधणी ठरलेली असे. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली मायना. वडीलधाऱ्यांस ‘सेवेशी’ आणि ‘विज्ञापना’, बरोबरीच्यास ‘स्नेहांकित’, धाकट्यास ‘आशीर्वाद’. लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांचे नाते काय, हे पहिल्या ओळीतच स्पष्ट होई. मग येथील क्षेम अमुक तिथीपर्यंत जाणावे, असे वाक्य येई. ते शिष्टाचाराचे असले तरी पत्र कोणत्या दिवसापर्यंतची हकीकत सांगते, हेही त्यातून कळे. यानंतर ‘विशेष’ हा शब्द येई आणि येथून पत्राचा खरा मजकूर सुरू होई. विषय अनेक असल्यास प्रत्येकाचे कलम निराळे पाडीत. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि मोर्तब.

आजच्या वाचकास ही सारी ठोकळेबाज भाषा वाटते. पण मोडी लिपीचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे तिचे प्रयोजन उमगते. मोडी बोरूने, हात शक्यतो न उचलता लिहावयाची लिपी. तीत विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद जवळजवळ नाही. अशा सलग ओळींत वाचणाऱ्याने विषय कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे ओळखावे कसे? ‘विशेष’, ‘येविशी’, ‘कळावे’ हे शब्द तेथे खुणेच्या दगडांचे काम करीत. मुरलेला कारकून पत्र हाती पडताच ‘विशेष’वर नजर नेई आणि कामास लागे. पेशव्यांच्या दप्तरातील याद्यांत तर मागणीचे कलम आणि त्यावरील निर्णय एकाच कागदावर आढळतात. त्यामुळे काय मागितले आणि काय मिळाले, हे पाहण्यासाठी दुसरा कागद धुंडाळावा लागत नाही.

या शिस्तीमागे राज्यकर्त्यांची दृष्टीही होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. राज्यकारभारात रूढ झालेल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग आहेत. त्यांत दुर्ग व शस्त्रे यांच्या जोडीला लेखनवर्ग आणि पण्यवर्गही, म्हणजे लेखनाचे आणि बाजारपेठेचे शब्दही आहेत. लेखन आणि व्यापार ही राज्याची अंगे मानली गेली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस उमटणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा याच दृष्टीची खूण होय. लेखनाची सीमा येथे संपली, यापुढे कोणी एक अक्षर वाढविल्यास ते आमचे नव्हे, असे ती मुद्रा सांगते.

व्यवहारपत्राच्या या इतिहासात सुरतेचे स्थान मोठे आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी नगराच्या पूर्वेस बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरील बागेत तळ दिला. तत्पूर्वी त्यांनी सुभेदार इनायतखानाकडे निरोप धाडला होता. इंग्रज वखारीच्या कागदांतून त्या निरोपाचा आशय कळतो : सुभेदाराने आणि हाजी सैयद बेग, बहरजी बोहरा व हाजी कासम या तीन धनिकांनी समक्ष येऊन खंडणीचे बोलणे करावे, नाही तर शहराची धूळधाण होईल. कोणी यावे, कशासाठी यावे, न आल्यास काय होईल, या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला आणि पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. निरोप निःसंदिग्ध होता. उत्तर द्यावयाचे धैर्य नव्हते.

याच सुरतेत सावकारांनी हुंडीच्या रूपाने व्यवहारलेखनाचा कळस गाठला होता. अठराव्या शतकात इंग्रज कंपनीसुद्धा बंगालमधून पश्चिम किनाऱ्यावर पैसा आणण्यासाठी सुरतेच्या सराफांच्या हुंड्यांवर विसंबून असे. हुंडी म्हणजे तसे पाहता चार-सहा ओळींची चिठ्ठी. परंतु तीत रक्कम अंकी लिहीत, अक्षरी लिहीत, आणि शिवाय ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार’ अशा रीतीने तिसऱ्यांदाही सांगत. एखादे शून्य कोणी वाढविले तरी निमेचा आकडा त्याची चोरी उघडी पाडी. पैसे दाखविताच द्यावयाचे तर ती दर्शनी, मुदतीने द्यावयाचे तर मुदती. ती वाटेत गहाळ झाली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ लिहीत, आणि आधीची पटली नसेल तरच ही पटवावी, असा खुलासा तीत असे. कोणता घोटाळा होऊ शकेल याचा विचार लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवला होता. वाचणाऱ्यास काही विचारण्याची गरज उरू नये, ही चांगल्या व्यवहारपत्राची कसोटी होय. हुंडी त्या कसोटीस पुरेपूर उतरते.

सावकारी पत्राची ही ताकद मराठी मनावर एका प्रसंगाने कायमची कोरली गेली आहे. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय घडले याची वार्ता नानासाहेब पेशव्यांस प्रथम मिळाली ती एका सावकाराच्या कासिदाजवळील पत्रातून, असे ग्रँट डफपासूनचे इतिहासकार सांगतात. पत्र पैशाच्या भाषेत होते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. गुप्ततेसाठी योजलेली ही भाषा किती रेखीव आहे! सर्वांत मोठे नुकसान आधी, मग त्याखालचे, मग त्याखालचे. जे मोजता आले ते मोजून सांगितले. ज्याची मोजदाद झाली नव्हती, तेथे अंदाजाचा आकडा न ठोकता गणती नाही एवढेच म्हटले. एका साम्राज्याचे दुःख तीन ओळींत मावले.

लेखनातील शैथिल्याचे मोलही मराठ्यांनी मोजले आहे. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यासंबंधी ‘ध चा मा’ केल्याची कथा घरोघर माहीत आहे. ‘धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर फिरवून ‘मारावे’ केले गेले, असे ती सांगते. इतिहास म्हणून ती कितपत ग्राह्य धरावी याविषयी मतभेद आहेत. परंतु ज्या समाजाने हुंडीतील रक्कम तीन प्रकारांनी बांधून ठेवली, त्याच समाजात माणसाच्या जिवासंबंधीची आज्ञा एका अक्षरावर टांगलेली राहिली, ही त्या कथेतील खरी बोच आहे. म्हणूनच ती म्हणीच्या रूपाने टिकली.

पुढे साधने बदलली. १८७९ साली एक पैशाचे पोस्टकार्ड आले आणि लांबलचक मायन्यास जागा उरली नाही. तारेने तर शब्दागणिक पैसे मोजावयास लावून नेमकेपणा शिकविला. ती सेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. सुरतेच्या शेजारचा नवसारी प्रांत ज्या बडोदे संस्थानात होता, तेथे सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोश सिद्ध करविला. मराठी, गुजराती, इंग्रजी यांसह अनेक भाषांतील कारभाराचे शब्द त्यात एकत्र मांडले आहेत. प्रजा एका भाषेची, दरबार दुसऱ्या भाषेचा आणि वरिष्ठ सत्ता तिसऱ्याच भाषेची, अशा राज्यात अर्ज आणि हुकूम यांचा अर्थ बदलू नये, ही त्यामागील काळजी होती.

नेमकी तीच परिस्थिती आज सुरत शहराच्या पूर्वेकडील गोडादरा भागात आहे. तापीच्या खोऱ्यातून सुरत आणि खानदेश यांना जोडणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाला. कापडाचा उद्योग वाढत गेला तशी धुळे, जळगाव, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे यंत्रमाग आणि कापडबाजार यांच्या आधाराने उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांत स्थिरावली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत गुजराती, असा येथील दिनक्रम आहे. कापडाचा सौदा मोबाइलवरील दोन ओळींच्या संदेशाने ठरतो. त्यात ताके किती, दर कोणता, माल केव्हा पोचावयाचा आणि पैसे किती दिवसांनी, यांतील एखादी बाब राहून गेली तर वादास तोंड फुटते. कामगाराच्या थकलेल्या मजुरीच्या अर्जाचेही तसेच. अन्यायाची कहाणी चार पाने लिहिली जाते, पण कोणत्या महिन्याची किती मजुरी बाकी आहे आणि अर्जदाराचे मागणे काय, हे शोधून काढावे लागते. असा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, आणि त्याची किंमत त्या घरची चूल मोजते.

येथे भाषेच्या अभिमानाहून बांधणीचे ज्ञान अधिक कामी येते. कोणी, कोणास, कशाविषयी, कोणत्या दिवशी, किती आणि काय करावे, हा क्रम मोडीत चालला तसाच तो गुजराती अर्जात आणि मोबाइलच्या संदेशातही चालतो. जुन्या कारकुनांनी ‘विशेष’ या एका शब्दाने मजकुराचा दरवाजा दाखविला. आजच्या लिहिणाऱ्याने तेच काम पहिल्या वाक्याने करावयाचे आहे. सावकाराने रक्कम अक्षरी लिहून ती सुरक्षित केली. आज तारीख, दर आणि नग स्पष्ट लिहून तेच साधते.

खानदेशाशी याचे एक जवळचे नाते आहे. ज्या राजवाड्यांनी ही पत्रे माळ्यांवरून आणि पेट्यांतून बाहेर काढली, त्यांचा देह १९२६ साली धुळ्यासच पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तेथे उभे राहिले. गोडादऱ्यातील अनेक घरांचे मूळ गाव त्याच जिल्ह्यात आहे. ग्रंथालयांतून जपलेले साधनखंड संशोधकापुरते राहू नयेत. अर्ज लिहावयास बसलेल्या तरुणापुढे त्यातील एखादे पान ठेवले, तर पूर्वजांच्या पराक्रमाबरोबर त्यांचा नेटकेपणाही त्याच्या हाती लागेल, आणि त्याच्या अर्जाला उत्तर मिळण्याची शक्यता वाढेल.