आकसणारें वेष्टन

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव चढवावयाची असली म्हणजे लोहार ती प्रथम गोवऱ्यांच्या आंचेंत लाल होईपर्यंत तापवितो. तापलेली धाव वाढते, चाकावर सहज बसते, आणि वर पाणी पडतांच आकसून लांकडाला घट्ट आवळून धरते. तापलें म्हणजे वाढावयाचें व निवालें म्हणजे आकसावयाचें, हा लोखंडाचा नियम शाळेंतल्या मुलालाहि पाठ असतो. पण औषधाच्या खोक्यावर, नव्या पुस्तकावर किंवा पाण्याच्या बारा बाटल्यांच्या जुडग्यावर जो पारदर्शक पापुद्रा अंगाबरोबर बसलेला दिसतो, तो मात्र याच्या नेमका उलट वागून तेथें बसलेला असतो. तो आकसतो तो निवल्यामुळें नव्हे, तापल्यामुळें. हें उफराटें वर्तन पहिलें प्लॅस्टिक जन्माला येण्यापूर्वीं कित्येक वर्षें एका मनुष्यानें टिपून ठेविलें होतें, आणि तो मनुष्य आंधळा होता.

इंग्लंडच्या उत्तर भागांत केंडाल म्हणून एक गांव आहे. तेथील जॉन गॉफ याला बाळपणींच देवी येऊन त्याची दृष्टि गेली. तथापि गणित, वनस्पतिशास्त्र व पदार्थविज्ञान यांत त्यानें असें प्रावीण्य मिळविलें कीं, परमाणुवादामुळें पुढें जगप्रसिद्ध झालेला जॉन डाल्टन तरुणपणीं त्याच्यापाशीं शिकला. १८०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत गॉफनें रबराविषयीं दोन गोष्टी सांगितल्या. रबराची पट्टी ओठांना लावून एकदम ताणली तर ती ऊन लागते व सैल सोडली तर गार लागते, ही पहिली. दुसरी याहून नवलाची. पट्टीला वजन टांगून ती तापविली तर ती लांबत नाहीं. उलट आंखडते व वजन वर उचलते. डोळस पंडितांच्याहि हातांत रबर होतेंच. परंतु त्याचा उपयोग ते बहुधा पेन्सिलीचें लिखाण खोडण्याकडे करीत. पुढें १८५९ सालीं जेम्स जूल यानें हेच प्रयोग काटेकोर मोजमाप घेऊन केले व गॉफचें म्हणणें खरें ठरलें.

त्याचें कारण कळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. रबरासारखे पदार्थ अतिदीर्घ रेणूंचे बनलेले असतात, असें हर्मन स्टाउडिंगर १९२० पासून आग्रहानें प्रतिपादन करीत होता. त्या पायावर वेर्नर कून आदि शास्त्रज्ञांनीं १९३० नंतर पुढील उलगडा केला. हे रेणु म्हणजे लांबच लांब सांखळ्या. मोकळ्या सोडल्या तर त्या लोंकरीच्या गुंत्याप्रमाणें वेड्यावांकड्या पडून राहतात. पदार्थ ताणला कीं त्या सरळ होऊन एका दिशेनें लागतात. पण हें सरळपण त्यांच्या स्वभावांतलें नव्हे. उष्णतेनें त्यांची चळवळ वाढली कीं प्रत्येक सांखळी पुन्हां आपल्या गुंत्याकडे ओढ घेते. ताणलेला पदार्थ तापवितांच आंखडतो तो एवढ्यासाठीं.

आतां ताणलेलें रबर हातांतून सुटतांच आखूड होतें. मग ताण कायम ठेवून पापुद्रा गुंडाळून विकावयाचा कसा? येथें प्लॅस्टिक उपयोगीं पडलें, आणि योगायोग असा कीं या कामाचीं दोन महत्त्वाचीं प्लॅस्टिकें १९३३ या एकाच वर्षीं सांपडलीं. मार्च महिन्यांत इंग्लंडांतील विनिंग्टन येथें रेजिनाल्ड गिब्सन व एरिक फॉसेट हे एथिलीन वायूवर सुमारें दोन हजार वातावरणांचा दाब देऊन पाहत होते. पात्राच्या तळाशीं त्यांना मेणासारखा पांढरा पदार्थ चिकटलेला आढळला. तेंच पॉलिथिन. अमेरिकेंत डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेंत राल्फ वायली नांवाचा विद्यार्थी कांचेचीं भांडीं धुण्याचें काम करी. एका बाटलींतला डाग कितीहि घांसला तरी निघेना. त्या हट्टी डागांतून सारन हें प्लॅस्टिक निघालें.

वेष्टनाच्या कामीं मात्र आरंभीं रबरच होतें. रबरी चिकाच्या पिशवींत मांस घालून, आंतील हवा शोषून, तें गोठवावयाची रीत फ्रान्समध्यें निघाली व तेथून अमेरिकेंत डिवी अँड आल्मी या कंपनीकडे आली. पण १९४२ सालीं मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं गेले आणि रबर दुर्मिळ झालें. या कंपनीचा एक संस्थापक ब्रॅडली डिवी याच्यावरच १९४३ सालीं अमेरिकन सरकारनें देशांतील रबराची व्यवस्था सोंपविली, ही मौजच म्हणावयाची! युद्ध संपल्यावर त्या पिशव्या सारनच्या होऊं लागल्या. टर्की पक्षी पिशवींत घालावयाचा, हवा काढावयाची, तोंड बांधावयाचें आणि क्षणभर कढत पाण्यांत बुडवावयाचा. पिशवी कातडीसारखी अंगाला बसे. आजच्या यंत्राचें बीज या कढत पाण्याच्या टांकींत आहे.

पापुद्रा तयार होतो त्या कारखान्यांत वितळलेलें प्लॅस्टिक वर्तुळाकार फटींतून नळीसारखें बाहेर काढतात आणि आंत हवा भरून ती नळी, मुलें साबणाचे फुगे फुगवितात तशी, फुगवितात. त्याच वेळीं ती वरहि ओढली जाते. अशा रीतीनें आडवा व उभा ताण बसलेला असतांनाच ती थंड करतात. सांखळ्या ताणलेल्या स्थितींतच थिजून जातात. दुकानदाराकडे येतें तें गुंडाळें म्हणजे हा थिजलेला ताणच होय. पुढचें यंत्र आकसविण्याची शक्ति कोठूनहि आणीत नाहीं. कोंडलेल्या शक्तीला तें फक्त वाट करून देतें.

त्या यंत्राचे भाग दोन: एक सांधणारा, दुसरा तापविणारा. लांबीच्या बाजूनें मधोमध दुमडलेला पापुद्रा गुंडाळ्यावरून येतो व वस्तु त्याच्या दोन पदरांमध्यें सरकविली जाते. दुमड ही एक बाजू. मागील वस्तूच्या वेळीं झालेला सांधा ही दुसरी. उरलेल्या दोन बाजू सुताराच्या गुण्यासारखी काटकोनी पट्टी वरून दाबून एकाच झटक्यांत सांधते आणि तोडतेहि. या पट्टींत तापलेलें पातें किंवा तार असते. तारेला लागणारा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातु आल्बर्ट मार्श यानें १९०६ सालींच सिद्ध केला होता. विजेच्या शेगडींत लाल होते ती हीच तार. वितळलेलें प्लॅस्टिक पात्याला चिकटूं नये म्हणून त्यावर टेफ्लॉनचा लेप असतो. टेफ्लॉनहि असाच अकल्पित लाभ: १९३८ सालीं रॉय प्लंकेट यानें रिकामी वाटणारी पण वजनांत जड भरणारी वायूची एक टांकी करवतीनें कापविली, तेव्हां आंत पांढरी भुकटी निघाली. सांधण्यापूर्वीं पापुद्र्याला टांचणीएवढीं छिद्रें पाडावीं लागतात. तीं विसरलीं तर आंतली हवा तापून पिशवी फुग्यासारखी फुगते.

नंतर सरकत्या पट्ट्यावरून वस्तु बोगद्यांत शिरते. आंत विजेच्या शेगड्या असतात. पण त्यांपेक्षां पंख्याचें महत्त्व अधिक. हवा चहूंकडून सारखी खेळती राहिली नाहीं तर एक अंग आवळतें व दुसरें सुरकुततें. उष्णमान थर्मोस्टॅट आवरून धरतो आणि दोन्ही तोंडांशीं पडदे असतात. साधें पॉलिथिन ११० अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळूं लागतें आणि बोगद्यांतली हवा त्याहून पुष्कळ ऊन असते. परंतु वस्तु आंत कांहीं सेकंदच राहते. म्हणून पापुद्रा तापतो व आंतला चॉकलेटचा डबा जवळजवळ गारच राहतो. यंत्र चालविणाराची सारी करामत पट्ट्याचा वेग आणि हवेचें उष्णमान यांचा मेळ घालण्यांत आहे. घाई झाली तर कोपरे शिंगांसारखे वर राहतात. रेंगाळलें तर भोंकें पडतात. बाहेर पडल्यावर पंख्याचा गार वारा लागतो आणि सांखळ्या नव्या जागीं पुन्हां थिजतात.

सांधण्याच्या याच तापलेल्या तारेनें पुढें एक दुखणें उजेडांत आणलें. अमेरिकेंतील मांसविक्रीच्या दुकानांत वेष्टनें बांधणारे कामगार पॉलिव्हिनिल क्लोराइडचा पापुद्रा दिवसभर तापलेल्या तारेवर तोडीत. १९७३ सालीं डॉक्टरांनीं त्यांच्या दम्याची नोंद प्रसिद्ध केली व त्याला ‘मांस बांधणारांचा दमा’ असेंच नांव पडलें. जळत्या पापुद्र्याचा धूर आणि किमतीची चिठ्ठी तापवून चिकटवितांना निघणारी वाफ, असा दोहोंवर संशय गेला. हजारों गिऱ्हाइकांना मांस स्वच्छ मिळावें म्हणून ज्यांच्या छातींत तो धूर गेला, त्यांचा विचार तें यंत्र टेबलावर मांडतांना कोणाला सुचला नव्हता. त्यानंतर कमी उष्णमानावर तोडण्याच्या रीती पुढें आल्या.

पापुद्रा फाटूं नये, यासाठींहि एक विलक्षण उपाय झाला होता. १९५२ सालीं इंग्लंडांतील हार्वेल येथें आर्थर चार्ल्सबी यानें पॉलिथिन अणुभट्टींत ठेवून असें दाखविलें कीं, किरणांच्या माऱ्यानें त्याच्या सांखळ्या एकमेकींना जागोजाग जखडल्या जातात. असें पॉलिथिन तापविलें तरी ओघळत नाहीं. ताणलें तर मूळ आकार विसरत नाहीं. त्याचे आकसणारे पापुद्रे त्याच दशकाच्या अखेरीस निघाले.

भारतांत १ जुलै २०२२ पासून मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका व सिगारेटचीं पाकिटें यांवरील प्लॅस्टिकच्या वेष्टनाला बंदी झाली. त्या यादींत बाटल्यांच्या जुडग्यावरील पापुद्रा नव्हता. तो साध्या पॉलिथिनचा असला तर धुऊन, निवडून पुन्हां वितळवितां येतो. किरणांनीं जखडलेला पापुद्रा मात्र तसा वितळत नाहीं. ज्या गुणासाठीं तो मोलाचा ठरला, तोच गुण त्याला नव्या पापुद्र्याच्या मुशींत शिरूं देत नाहीं.