पाय कोणाचे झाकायचे

झाशीत मराठी घरं दोन वाटांनी आली. काही झाशीच्या मराठी राज्यकर्त्या नेवाळकरांच्या मागून आली, काही रेल्वेच्या मागून. आमचं घर रेल्वेचं. 1880 च्या दशकाअखेर इंडियन मिडलँड रेल्वे इथे पोचली, 1895 साली वॅगन दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला आणि 1900 साली कारभार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, म्हणजे पुढच्या मध्य रेल्वेकडे गेला. 2003 पर्यंत झाशी मध्य रेल्वेतच होती, म्हणजे हुकूम मुंबईचा. आजोबा त्या कारखान्यात सुतार होते. मी झाडं छाटण्याचे ठेके घेतो. लाकूड कापणाऱ्याचे पाय हा आमच्या घरी पिढीजात काळजीचा विषय.

या गावात पाय झाकले गेले ते स्वाराचे आणि शिपायाचे. 1858 च्या इंग्रजांच्या वेढ्यात इथेच अडकलेले प्रवासी विष्णुभट गोडसे यांनी राणी लक्ष्मीबाईच्या पोशाखाचं वर्णन करून ठेवलंय. कधी कधी ती पुरुषी वेष करी, पायजमा घाली. घोड्यावर बसायचं तर मांडी झाकलेली हवीच. पुढे इंग्रजी पलटणींनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी पट्ट्या गुंडाळल्या आणि पोलिसांच्या गणवेशातही त्या आल्या. लाकूडतोड्याचं धोतर मात्र गुडघ्याच्या वर खोचलेलंच राहिलं. आमच्याकडच्या करधईच्या झाडाचं लाकूड फार कठीण. त्यावरून कुऱ्हाड घसरली की ती नडगीवरच येणार.

आजोबांचं हत्यार वाकस, म्हणजे लाकूड तासायचं. ओंडक्यावर उभं राहायचं आणि स्वतःच्याच पावलांच्या दिशेने घाव घालायचा. जुने सुतार एकमेकांच्या नडग्या बघून कोण किती वर्षं कामावर आहे ते ओळखत, असं आजोबा सांगायचे. संरक्षण काय, तर जाड गोणपाट आणि सुतळी. तेही घरून आणायचं.

चेनसॉ आला आणि हिशेब बदलला. कुऱ्हाड एक घाव घालून थांबते. साखळी थांबत नाही. ती सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटरने फिरते आणि मांस ओरबाडून नेते. यंत्र उजव्या हाताने चालतं, त्यामुळे डावी मांडी आणि डावा गुडघा साखळीच्या सर्वांत जवळ. त्यावर जीन्स चढवली काय आणि धोतर नेसलं काय, सारखंच.

यावरचा उपाय अमेरिकेच्या वनखात्याने 1965 पासून वापरात आणला. नायलॉनच्या थरांचं, पँटवरून बांधायचं पायकवच. 1981 मध्ये त्यात केवलार आलं. त्याची युक्ती चिलखताच्या अगदी उलट आहे. चिलखत धार अडवतं. हे कापड आधी फाटतं, आतले लांब धागे साखळीबरोबर ओढले जातात, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात गुंततात आणि यंत्र जागीच अडकतं.

पायकवच निवडताना मी आधी ISO 11393 या मानकाचा शिक्का बघतो, मग वर्ग. पहिला वर्ग सेकंदाला 20 मीटरच्या साखळीसाठी, दुसरा 24, तिसरा 28. वर्ग वाढला की थर वाढतात, वजन वाढतं. झाशीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. चारी बाजूंनी बंद पँट दिली तर माझ्याकडे काम करणारी मुलं ती झाडाखाली काढून ठेवणार. म्हणून जमिनीवरच्या कामाला मी पुढून झाकणारं, मागे पट्ट्यांचं कवच देतो आणि काम पहाटेच सुरू करतो. खालची कड बुटावर आलीच पाहिजे. पट्ट्या सगळ्या लावायच्या, नाहीतर कवच मांडीवरून बाजूला फिरतं. तेल-भुसा साचला की धागे चिकटतात, म्हणून धुवायचं, पण ब्लीच नाही. साखळी एकदा आत शिरली की ते कवच बाद. शिवून वापरायचं नाही.

एका बांधकामावर साहेबांना हेल्मेट, बूट, चकचकीत जाकीट होतं आणि फांद्या कापणारा पोरगा चपलेत. विचारलं तर उत्तर आलं, तो रोजंदारीवर आहे. वेढ्याच्या काळापासून झाशीत हाच नियम चालत आलाय, पाय हुद्द्याप्रमाणे झाकायचे. माझ्या दरपत्रकात आता पेट्रोल आणि साखळीच्या खाली पायकवच ही वेगळी ओळ असते. ती खोडून दर कमी करा म्हणणारे भेटतात. ते काम मी सोडतो.