पाण्याची सीमा आणि मताची सीमा

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे प्राचीन देवालय आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून सुमारे अर्धशतक या नगराशी मराठ्यांचा निकटचा संबंध होता. त्या संबंधाची एक खूण म्हणजे १६६९ सालचा येथील शिलालेख. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी या देवास एक गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. त्या काळच्या आपल्या मराठी इनामपत्रांत एक ठराविक शब्दावली वारंवार भेटते. गाव द्यावयाचे ते जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. राजाने द्यावे आणि इनामदाराने घ्यावे, असा तो व्यवहार होता. त्या गावचे पाणी पिणाऱ्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

या देवालयासमोरील नंदीतीर्थाचा झरा हा वृषभावती नदीचा एक उगम मानला जातो. तेथून वायव्येस थोड्या अंतरावर पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे, आणि त्या बाजूचा ओघही याच नदीला मिळतो. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या या वसाहतीत लेथ चालविणारी छोटी कर्मशाळा आहे, धातूला मुलामा देणारा कारखाना आहे, शेकडो स्त्रिया जेथे शिवणकाम करतात अशी मोठी दालनेही आहेत. लक्षावधी कुटुंबांची चूल या परिसरावर पेटते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु येथील कूपनलिकांच्या पाण्यात क्रोमियम आढळले, हेही तितकेच खरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली, तेव्हा पीण्यास ६५.११ गुण मिळाले आणि त्याची गणना तीव्र प्रदूषित क्षेत्रांत झाली. या परीक्षेत अधिक गुण म्हणजे अधिक दोष. आपल्या चंद्रपुरास तेव्हा ८३.८८ आणि डोंबिवलीस ७८.४१ गुण मिळाले होते. तेव्हा शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस नाही.

राजाची सत्ता जाऊन प्रजेची आली, तेव्हा या पाण्याचे काय झाले? उत्तरासाठी प्रथम महाडला जावे लागेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून आपले तळे खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा कुठे त्या ठरावास अर्थ आला. न्यायालयाचा अखेरचा निकाल मिळण्यास पुढे १९३७ साल उजाडले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांच्या वापरात भेदभाव नसावा असे जे स्पष्ट लिहिले आहे, त्यामागे असल्या संघर्षांचा इतिहास उभा आहे.

मात्र तळे सर्वांना खुले झाले आणि पाणीच पिण्याजोगे उरले नाही, तर काय करावे, याचा विचार १९५० च्या संविधानात नव्हता. तो पुढे टप्प्याटप्प्याने आला. महाराष्ट्राने जलप्रदूषण-प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला. १९७२ साली स्टॉकहोम येथे जागतिक परिषद भरली. १९७४ साली संसदेने जलप्रदूषणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी कर्नाटकात त्यासाठी मंडळ स्थापन झाले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरविले.

येथे इतिहासाने एक विलक्षण गाठ मारून ठेवली आहे. ही घटनादुरुस्ती आणीबाणीतली. ज्या दुरुस्तीने वृक्ष, नद्या आणि वन्य जीव यांना संविधानात स्थान दिले, तिनेच लोकसभेची मुदत पाचांवरून सहा वर्षांवर नेली. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांची केली. पर्यावरणाचे कलम मात्र राहिले, आणि ते योग्यच झाले. परंतु पर्यावरण ही वरून करावयाची व्यवस्था आहे, ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घट्ट बसली असे मला वाटते.

न्यायालयांनी ही उणीव पुष्कळ भरून काढली. रतलामच्या उघड्या गटारांविरुद्ध तेथील रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अमान्य केली. निर्मळ पाणी आणि हवा हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे १९९१ साली आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही नागरिकाचा हक्क होय, असे २०२४ साली त्याच न्यायालयाने सांगितले. तरीही निकाल हा प्रसंगापुरता असतो. नाल्यावर रोज लक्ष ठेवणे हे न्यायाधीशाचे काम नव्हे. आणि मी स्वतः शासनाचा सेवक असल्याने सांगतो, ते एकट्या अधिकाऱ्याच्या हातूनही होत नाही.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे ओळखले होते. नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा विषयांच्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे रक्षण आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे अशी आज्ञाही आहे. प्रत्यक्षात बंगळूरच्या महानगरपालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीच्या ऐन धामधुमीत, संपली आणि पुढची पाच वर्षे त्या नगरास निवडून आलेली सभा नव्हती. याच काळात २०२४ चा उन्हाळा आला. सुमारे १४,००० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे शासनाने सांगितले. रोगराई, अवर्षण आणि रोजगाराची चिंता ही संकटे एकावर एक येऊन कोसळली तेव्हा नागरिकाने ज्याला जाब विचारावा तो नगरसेवकच जागेवर नव्हता. मुंबईतही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडेच होता. संकट मोठे म्हणून निवडणूक पुढे ढकलावी, हा युक्तिवाद सोयीचा खरा. पण संकटातच प्रतिनिधीची गरज अधिक असते.

कोणी म्हणेल, लोकांना पोटापुढे नदी दिसत नाही. हा विषय तज्ज्ञांचाच. तज्ज्ञ हवेतच, पाण्यात क्रोमियम किती हे मतदानाने ठरत नाही. पण ते काढण्याचा खर्च लहान कारखानदाराने किती सोसावा, शासनाने किती उचलावा, आणि कारखाना बंद पडल्यास कामगाराने कोठे जावे, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते सभेत, समोरासमोर बसूनच सोडवावे लागतात.

आणि त्या सभेत कोणी बसावे? वृषभावती शहर ओलांडून बैरमंगलच्या तलावात उतरते, पुढे अर्कावतीस आणि तिच्यासह कावेरीस मिळते. बैरमंगलचा शेतकरी त्या पाण्यावर पीक घेतो. पण ज्या नगराचे पाणी त्याच्या शेतात येते, त्या नगरात त्याला मत नाही. मताची सीमा रस्त्यापाशी संपते, पाण्याची संपत नाही. संविधानाने यावरही उपाय ठेवला आहे. महानगर नियोजन समितीचे किमान दोनतृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांतून व पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडले जावेत, असे त्यात म्हटले आहे. आणि महानगर क्षेत्र कोठवर न्यावयाचे ते राज्यपालांनी ठरवावयाचे आहे. त्या क्षेत्राची सीमा खोऱ्यापर्यंत नेली, तर वरचा कारखानदार आणि खालचा शेतकरी यांचे प्रतिनिधी एकाच बाकावर बसू शकतील. त्यासाठी नवे संविधान नको. आहे त्याचे पान उघडून ते अमलात आणले पाहिजे.

महाडचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. तळ्यापर्यंत माणसे चालत गेली तेव्हा तो जिवंत झाला. एकोजीराजांच्या काळी जल आणि तरु हे राजाने द्यावयाचे दान होते. आज ते कोणाचेच दान नाही. तो आपणा सर्वांकडे असलेला ठेवा आहे, आणि त्याचा हिशेब प्रवाहाच्या अगदी खालच्या टोकास राहणाऱ्या माणसालाही मागता आला पाहिजे.