महामारीनंतरची मजुरी



करोनाच्या काळात ‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. मुंबई-पुण्याहून आलेली माणसं गावच्या शाळेत चौदा-चौदा दिवस वेगळी राहिली. हा शब्द आला कुठून, याचा माग काढत गेलं की आपण जवळजवळ सातशे वर्षं मागे, युरोपात पोचतो. तिथे प्लेगची फार मोठी साथ आली होती. आज त्या साथीबद्दल आपण बोलू. रोगाबद्दल थोडं आणि रोगामुळे माणसं एकमेकांशी कशी वागली, याबद्दल जास्त. कारण त्यात अफवा आहे, कर्ज आहे आणि मजुरीही आहे.

काळ्या समुद्राच्या काठी काफा नावाचं बंदर होतं. इटलीतल्या जिनोआ शहराचे व्यापारी तिथे राहत. १३४६ साली या बंदराला मंगोल फौजेचा वेढा पडला आणि त्या फौजेतच प्लेग पसरला. पुढे रोग जहाजांवर चढला. १३४७ च्या ऑक्टोबरमध्ये तो सिसिली बेटावरच्या मेसिना बंदरात उतरला. १३४८ मध्ये फ्लोरेन्स, पॅरिस आणि इंग्लंडचा किनारा त्याने गाठला. आणखी काही वर्षांत तो नॉर्वेपासून रशियापर्यंत पोचला. जिथे माल गेला तिथे उंदीर गेले, उंदरांबरोबर पिसवा गेल्या आणि पिसवांबरोबर प्लेग. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि थोड्याच दिवसांत माणूस जायचा. युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं त्यात गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काहींच्या मते निम्मी गेली.

हे कशामुळे होतंय, ते कोणालाच माहीत नव्हतं. पॅरिसच्या विद्यापीठातल्या वैद्यांनी १३४८ मध्ये लेखी मत दिलं, की तीन वर्षांपूर्वी शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आल्यामुळे हवा दूषित झाली. प्लेगचा जंतू सापडला तो थेट १८९४ मध्ये, हाँगकाँगला. तो पिसवांमुळे पसरतो हे १८९८ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं.

तरी अनुभवातून लोक शिकले. १३७७ मध्ये रागुझा या बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, साथीच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. नंतर बंदराबंदरांत हे दिवस चाळीस झाले. इटलीतल्या भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. आपला क्वारंटाइन तिथला.

पण नियम यायच्या आधी अफवा आली. ज्यू लोकांनी विहिरींत विष टाकलं, ही ती अफवा. ख्रिस्ती समाजात राहणारे हे वेगळ्या धर्माचे थोडे लोक. बरेचसे धंदे त्यांना बंद होते, म्हणून त्यांच्यातले काही व्याजाने पैसे द्यायचे. लोकांना धरून, छळ करून कबुल्या घेतल्या गेल्या. ख्रिस्ती धर्माचे प्रमुख पोप क्लेमेंट सहावे यांनी स्वतः जाहीर केलं, की ज्यूही याच रोगाने मरतायत, आणि ज्यू नाहीत तिथेही हा रोग आहे. कोणी ऐकलं नाही. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळून मारलं. त्या दिवशी शहरात प्लेग आलेलाही नव्हता! नंतर काय झालं ते नीट ऐका. ज्यूंकडून घेतलेली कर्जं बुडीत काढली, गहाण वस्तू परत केल्या आणि मिळालेली रोकड वाटून घेतली. म्हणजे अफवेमागे नुसती भीती नव्हती, हिशोबही होता.

त्याच काळात उलटं वागणारेही होते. पॅरिसच्या मोठ्या इस्पितळात जोगिणी रोग्यांची सेवा करत होत्या. कितीतरी जणी त्यात गेल्या, त्यांच्या जागी नव्या येत राहिल्या. आपल्याला इथे सावित्रीबाई आठवतात. त्याच रोगाच्या साथीत, पुण्यात रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता मजुरीकडे येऊ. इंग्लंडमध्ये साथीआधी बरेच शेतकरी जमीनदाराला बांधलेले होते. त्याच्या शेतावर वेठ करायची, त्याला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, मुलीचं लग्न करायचं तरी त्याला पैसे द्यायचे. साथीनंतर शेतं तीच राहिली, हात मात्र कमी झाले. उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. एका ठिकाणी मिळाली नाही तर दुसऱ्या गावी गेले.

जमीनदारांना हे सोसवेना. राजा तिसऱ्या एडवर्डने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदा झाला. साठ वर्षांखालच्या, पोटापुरती जमीन किंवा धंदा नसलेल्या प्रत्येक धडधाकट पुरुषाने आणि बाईने साथीआधीच्या दरानेच काम करायचं. नाही म्हटलं तर तुरुंग. गवत वाळवण्याच्या कामाला दिवसाला एक पेनी, असे दर कायद्यात लिहून टाकले. जास्त घेतली म्हणून दंड झालेल्यांच्या याद्यांत बायकांची नावं आहेत. म्हणजे त्या जास्त मागत होत्या, आणि कोणीतरी त्यांना देतही होतं. ज्याचं पीक शेतात उभं होतं, तो कायदा बाजूला ठेवून चोरून जास्त द्यायचा.

नंतर राजाने डोईपट्टी बसवली. तिसऱ्यांदा बसवली तेव्हा, भिकारी सोडून, पंधरा वर्षांवरच्या बाईमाणसांना दर डोई बारा पेन्स पडले. कायद्याच्या दराने ही गवत वाळवणाऱ्या बाईची बारा दिवसांची मजुरी झाली. १३८१ मध्ये लोक उठले. वेठीच्या नोंदी असलेले जमीनदारांचे कागद त्यांनी जाळले. जोहाना फेरर नावाच्या बाईवर तर एका टोळीची म्होरकी म्हणून कोर्टात आरोप झाला. उठाव मोडून काढला गेला, अनेकांना फाशी झाली. पण ती डोईपट्टी सोडून द्यावी लागली. पुढच्या शंभरेक वर्षांत वेठही हळूहळू संपत गेली, मजुरी वाढली.

यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. रोगाने कोणाचं भलं केलं नाही. घरंच्या घरं गेली. पण काम करणारे हात नसले की सगळं अडतं, हे तेव्हा उघड झालं. ती किंमत साथीआधीही होतीच, फक्त कोणी मोजत नव्हतं. मजुरांनी ती मागितली तेव्हाच दर हलला.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढं बोलू या. आपल्या गावात खुरपणीचा दर कोण ठरवतं? बाईचा किती आणि गड्याचा किती? प्रत्येकीने आपला आकडा सांगायचा, आणि वहीत लिहून ठेवायचा.