संशोधन-अहवाल, पदव्युत्तर
पदव्युत्तर पदवीसाठी विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेल्या स्वतंत्र अभ्यासाचे ठराविक मांडणीतील लेखी निवेदन. पीएच्.डी.च्या प्रबंधापेक्षा त्याचा व्याप मर्यादित असतो. ज्ञानात मूलगामी भर घालण्यापेक्षा एखाद्या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेणे आणि तो दुसऱ्या अभ्यासकाला तपासून पाहता येईल अशा रीतीने मांडणे, हे त्याचे प्रयोजन होय. अहवालाच्या रूढ मांडणीमागील तत्त्वही हेच आहे.

इतिहास : संशोधनाला पदवीचा आधार मानण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून, विशेषतः १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठातून, इतरत्र पसरली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पीएच्.डी. पदवी दिली, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डने ही प्रथा १९१७ मध्ये स्वीकारली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. प्रारंभी ते केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणारे होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन व संशोधन हाती घेण्यास वाव दिला.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे नगराच्या प्रत्यक्ष पाहणीचे पुरस्कर्ते होते. १९२४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी प्रबंधलेखनाची सलग परंपरा निर्माण केली. इरावती कर्वे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम्.ए. पदवी मिळविली. एम्. एन्. श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांवरील एम्.ए.चा प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पदव्युत्तर प्रबंधही जाणकारांपुढे ठेवण्याजोगा असू शकतो, हे अशा उदाहरणांवरून दिसून आले.

प्रबंध तपासणीस खुला असला पाहिजे, ही अट विदेशी विद्यापीठांतही कडक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी. पदवीसाठी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांनंतर सुधारून द्यावा लागला. तो १९२३ मध्ये मान्य झाला. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच्.डी. दिली ती प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधाच्या मुद्रित प्रती सादर झाल्यावर, १९२७ मध्ये.

नोंद काटेकोर असेल, तर ती किती काळ उपयोगी पडते याचा दाखला पुणे जिल्ह्यातील लोणीकंद या गावाच्या अभ्यासात मिळतो. टॉमस कोट्स याने १८२० च्या सुमारास या गावाची तपशीलवार पाहणी लिहून ठेवली होती. तिच्या आधारे घुर्ये यांना सव्वाशे वर्षांनंतरच्या बदलांचा अभ्यास करता आला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

उपनगरांतील संस्था : १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेले सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. ही संस्था नागपाड्याहून अंधेरीस व १९५४ मध्ये देवनारला गेली. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देवनारलाच लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन करणारे केंद्र १९५६ मध्ये, तर पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये निघाली. पुढे मुंबई विद्यापीठाचे अनेक विभाग कलिना येथील विद्यानगरीत आले. अशा रीतीने उपनगरे संशोधनाचा विषय आणि संशोधनाचे ठिकाणही बनली.

मांडणी : अहवालाच्या आरंभी मुखपृष्ठ, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका व सारांश असतात. मुख्य भागात बहुधा पाच प्रकरणे येतात. पहिल्यात प्रश्न, उद्दिष्टे व अभ्यासाची व्याप्ती सांगतात. दुसऱ्यात पूर्वीच्या संशोधनाचा परामर्श घेतात. ही केवळ पुस्तकांची जंत्री नसून त्या संशोधनात कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, हे तीतून स्पष्ट व्हावे लागते. तिसऱ्यात पद्धती, म्हणजे अभ्यासक्षेत्र, नमुना कसा निवडला, माहिती केव्हा व कशी जमविली, यांचे वर्णन येते. चौथ्यात माहितीचे विश्लेषण आणि पाचव्यात निष्कर्ष, मर्यादा व सूचना येतात. अखेरीस संदर्भसूची आणि प्रश्नावली, नकाशे इ. परिशिष्टे जोडतात. पुरावा आणि त्यावरून काढलेले अनुमान यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून विश्लेषण व निष्कर्ष वेगळे ठेवतात.

या भागांत पद्धतीचे प्रकरण सर्वांत कसोटीचे असते. उपनगरांच्या बाबतीत अभ्यासक्षेत्राची व्याख्या करणे हेच पहिले अवघड काम ठरते. साष्टीचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून काढून १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. बृहन्मुंबईच्या हद्दीत अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये आले. सध्याचा मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये अस्तित्वात आला. त्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. महानगरपालिकेची विभागरचना याहून निराळी आहे : घाटकोपर एन, मुलुंड टी, बोरिवली आर-मध्य, तर अंधेरी के-पूर्व व के-पश्चिम अशा दोन विभागांत विभागलेली. त्यामुळे ‘अंधेरी’ या एका नावाने तालुका, पालिकेचे विभाग किंवा रेल्वे स्थानकाचा परिसर यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते.

आकडेवारीतही हा फरक उतरतो. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या तत्कालीन हद्दीनुसार सुमारे २८·४ लाख होती. १९५७ नंतरच्या हद्दीनुसार तीच सुमारे २९·९ लाख भरते. कोणती हद्द धरली हे न सांगता १९५१ व १९६१ यांची तुलना केल्यास हद्दवाढीलाच लोकसंख्यावाढ समजण्याची चूक होते. म्हणून नकाशा, हद्दीचे वर्ष व आकडेवारीचे मूळ यांचा निर्देश अहवालात अनिवार्य ठरतो. गावठाणे व कोळीवाडे यांचे स्वरूप झपाट्याने पालटत असल्याने पाहणीचा महिना व वर्षही नोंदवावे लागते. तीच पाहणी पुढे पुन्हा करता येत नाही.

लेखनातील प्रामाणिकपणा : माहिती देणाऱ्यांची संमती घेणे व त्यांची ओळख गुप्त राखणे हे संशोधकाचे कर्तव्य होय. लहान वस्तीत केवळ नाव वगळणे पुरेसे नसते. व्यवसाय, वय आणि घराचे ठिकाण यांवरूनही व्यक्ती ओळखता येते. दुसऱ्याच्या लेखनाचा उपयोग निर्देशाशिवाय करणे हे वाङ्‌मयचौर्य ठरते. त्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम केले. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय मानले जात नाही. मात्र हे प्रमाण केवळ शब्दसाम्याचे असते. माहिती खरी की कल्पित, हे त्यावरून कळत नाही.

पीएच्.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय संग्रहात उपलब्ध होतात; पदव्युत्तर अहवाल मात्र बहुधा विभागाच्या ग्रंथालयातच राहतात. तेथे तो पुढे ज्याच्या हाती पडेल, त्याला लेखकाला विचारून शंका फेडता येत नाही. म्हणून काय पाहिले, कोठे, केव्हा व कोणत्या रीतीने, यांची उत्तरे अहवालातच मिळणे आवश्यक असते.