सिरोंचाकडील अस्थि व पक्ष्यांचे वायुमार्ग

सिरोंचाच्या उत्तरेस प्राणहितेच्या डाव्या तीरीं कोटा नांवाचें खेडें आहे. तेथील माशांच्या अश्मीभूत अवशेषांचें वर्णन सर फिलिप एगर्टन यांनीं इ. स. १८५१ मध्यें प्रसिद्ध केलें. या गांवावरूनच भूशास्त्रज्ञ तेथील ज्युरासिक थरांस ‘कोटा थर’ म्हणतात. याच थरांत तेलंगणांतील पोचमपल्लीजवळ भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांस एका प्रचंड सरटाचीं सुमारें ३०० हाडें सांपडलीं. १९७५ मध्यें त्यास बारापासॉरस टागोराय हें नांव मिळालें. त्याच्या मणक्यांस खळगे व पोकळ्या आहेत. त्यांत पक्ष्यांप्रमाणें वायु खेळत होता काय, हा प्रस्तुत प्रश्न होय.

पक्ष्याच्या फुप्फुसांतील वायुकेशिका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि बहुधा अरुंद असतात. रक्त व वायु यांची देवघेव तेथेंच होते. फुप्फुसांस जोडलेले वायुकोश मात्र हाडांतहि शिरतात, हें जॉन हंटर यानें १७७४ मध्यें दाखविलें. केशिका मृत्यूनंतर नाश पावतात; हाडांतील वायुकोशांची खूण तेवढी मागें उरते.

परंतु प्रत्येक पोकळी ही वायूचीच खूण नव्हे. ताडपत्रास भोंक दिसलें, तर तें दोरा ओंवण्यासाठीं पाडलेलें कीं कसरीनें केलेलें, हें आपण त्याच्या कडेवरून ठरवितों. हाडाची कड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. वायुकोश जेथें हाडास भिडतो, तेथें अतिसूक्ष्म तंतूंची दाट वीण असते. स्नायूंचे तंतु याहून जाड असतात. लांबर्ट्झ, बेर्तोझो व झांडर यांनीं २०१८ मध्यें ही वीण पक्ष्यांत व अशा महाकाय सरटांतहि दाखविली.

यावरून वायुकोश होते एवढेंच सिद्ध होतें. फुप्फुसांची सारी रचना पक्ष्यासारखी होती असें नव्हे. वायूचा एकदिश प्रवाह सुसरीच्या वर्गांतील प्राण्यांतहि आढळतो, पण त्यांस असे वायुकोश नाहींत.

हा पुरावा मिळविण्यास हाडाचा पातळ काप घ्यावा लागतो, म्हणजे मूळ साधनाचा अंश खर्ची पडतो. म्हणून आमचें मत असें कीं, अखंड मणके न कापतां सुटे तुकडेच तपासावे. मात्र तुकड्याचें स्थळ व थर यांची नोंद पाहिजे. बिनठिकाणाच्या कागदाप्रमाणें बिननोंदीचें हाडहि साक्षीस दुबळें ठरतें. सिरोंचा तालुक्यांत वडधम येथेंहि असे अवशेष मिळाले आहेत. संग्राहकांनीं ते उचलून घरीं न नेतां जागच्या जागीं नोंदवावे, हीच आमची विनंति आहे.