माऊसचा शोध नेमका कुणी लावला? 'सर्वप्रथम' हा शब्द लिहिण्याआधी हे वाचा



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी माझं पहिलं प्रकरण मोठ्या उत्साहाने लिहून गाईडसमोर ठेवलं होतं. त्यात एका यंत्राबद्दल वाक्य होतं, 'याचा शोध सर्वप्रथम अमुक यांनी लावला.' सरांनी 'सर्वप्रथम' या शब्दाभोवती लाल पेनाने गोल केला आणि विचारलं, "कशात सर्वप्रथम? कल्पना सुचण्यात, बनवण्यात, की विकण्यात? आणि पुरावा कुठला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे चार महिने ते एक प्रकरण पुन्हा लिहिण्यात गेले.

तुमच्यापैकी बरेच जण आता पेट देऊन संशोधन प्रस्तावाच्या तयारीला लागले असाल. तुमचे तरी चार महिने वाचावेत म्हणून आज एक उदाहरण सविस्तर बघू. उदाहरण आहे रोज हाताखाली असणारं: कॉम्प्युटरचा माऊस.

आधी माऊस उलटा करा

शाळेच्या लॅबमध्ये किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासला ज्यांनी जुना माऊस वापरला आहे, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. पॉइंटर अडकायला लागला की माऊस उलटा करायचा, खालची गोल चकती फिरवायची, रबरी बॉल बाहेर काढायचा आणि आतल्या रोलरवर जमलेला मळ नखाने खरवडायचा.

त्यात दोन रोलर एकमेकांशी काटकोनात बसवलेले असायचे. माऊस तिरका सरकवला तरी एक रोलर फक्त आडवं अंतर मोजायचा आणि दुसरा फक्त उभं. शाळेत आलेखावर क्ष-अक्ष आणि य-अक्ष काढायचो, अगदी तसंच. दोन्ही अंतरं कॉम्प्युटरला कळली की पॉइंटर कुठे न्यायचा ते ठरतं.

आता असं समजा की बॉल वरच्या बाजूला आहे, डबा टेबलावर पक्का बसवला आहे आणि तुम्ही तळहाताने बॉल फिरवताय. झाला ट्रॅकबॉल. ही उलटापालट लक्षात ठेवा, कारण पुढे ती दोनदा येणार आहे.

पेटंट नाही म्हणजे शोध नाही?

बॉल फिरवून पडद्यावरची खूण हलवायची ही कल्पना माऊसपेक्षा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलासाठी रडारवरच्या विमानांचा माग ठेवणारी एक यंत्रणा तयार होत होती. तिच्यावर काम करणारे राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये जॉयस्टिकऐवजी फिरता बॉल वापरायचं सुचवलं. पुढे १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलाच्या 'डाटार' प्रकल्पात टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी असाच ट्रॅकबॉल बनवला. त्यात बसवला होता चक्क बोलिंगच्या खेळातला बॉल! कॅनडातल्या 'फाइव्ह-पिन बोलिंग' या प्रकारात बॉल छोटा असतो, तो इथे कामी आला.

ही दोन्ही कामं लष्करी आणि गुप्त होती. डाटारच्या ट्रॅकबॉलचं तर पेटंटही घेतलं गेलं नाही. म्हणजे त्या काळातला एखादा संशोधक ग्रंथालयात बसून शोधत राहिला असता तरी त्याच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

इथे पहिला धडा. आपण पेटंट आणि प्रकाशित लेख चाळतो, काही सापडत नाही आणि लगेच लिहून टाकतो की 'यापूर्वी असे काम झालेले नाही'. खरं तर आपल्याला एवढंच म्हणता येतं की आपण पाहिलेल्या साधनांमध्ये ते सापडलं नाही. या दोन वाक्यांत मोठा फरक आहे, आणि व्हायवात बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

लाकडाचा ठोकळा आणि दोन चाकं

आता ज्यांचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात येतं त्यांच्याकडे वळू. डग्लस एंगलबार्ट कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत काम करत होते. माणसाला पडद्यावरच्या मजकुरातला एखादा शब्द पटकन निवडता यावा, यासाठी कोणतं साधन चांगलं, हा त्यांच्या गटापुढचा प्रश्न होता. या कामाला 'नासा'कडून पैसे मिळाले होते.

टेबलावर सरकणाऱ्या चाकांच्या साधनाची कल्पना एंगलबार्ट यांची. १९६४ च्या सुमारास ते प्रत्यक्ष घडवलं त्यांचे सहकारी, इंजिनिअर बिल इंग्लिश यांनी. लाकडाचा एक ठोकळा, वर एक बटण, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. प्रत्येक चाकाला एक पोटेन्शिओमीटर जोडलेला, म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागे असतो तो भाग. बॉल नव्हताच. मागे शेपटीसारखी वायर, म्हणून नाव पडलं माऊस. हे नाव आधी कुणी उच्चारलं ते कुणालाच आठवत नाही, असं एंगलबार्ट स्वतः सांगायचे.

पण त्यांनी नुसतं बनवून दाखवलं नाही, त्याची तुलना केली. माऊसबरोबर जॉयस्टिक होती, थेट पडद्याला टेकवायचं लाइट पेन होतं, ग्राफाकॉन नावाचं साधन होतं. इतकंच काय, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं एक यंत्रही होतं! समोर पडद्यावर लक्ष्य दिसायचं. की-बोर्डवरून हात उचलून साधन पकडायला लागलेला वेळ, मग लक्ष्यापर्यंत पोचायला लागलेला वेळ आणि झालेल्या चुका, असं सगळं मोजलं गेलं. याचा अहवाल १९६५ मध्ये नासाला दिला गेला आणि त्यावरचा लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखावर पहिलं नाव इंग्लिश यांचं आहे.

निकाल वाचण्यासारखा आहे. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस सरस ठरला. पण नवख्यांनी लाइट पेनने जास्त वेगाने काम केलं. गुडघ्याचं यंत्रही बरंच वर होतं, कारण त्यात हात की-बोर्डवरून उचलावाच लागत नाही. आपलं साधन प्रत्येक वेळी जिंकलं नाही, हे या लोकांनी लपवलं नाही. आपल्या गृहीतकाच्या विरुद्ध जाणारा तक्ता परिशिष्टात ढकलायचा मोह आपल्यालाही होतो. त्या वेळी हा लेख आठवा. आज साठ वर्षांनीही तो विश्वासाने वापरता येतो, तो याच प्रामाणिकपणामुळे.

पेटंटवर नाव एकच

जून १९६७ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १७ नोव्हेंबर १९७० ला अमेरिकेचं पेटंट क्रमांक ३५४१५४१ मिळालं. त्यात 'माऊस' असं शीर्षक नाही. शीर्षकाचा अर्थ 'पडदा-यंत्रणेसाठी क्ष-य स्थान दर्शक' असा काहीसा आहे. म्हणजे तुम्ही 'माऊस' हा शब्द टाकून शीर्षकं शोधत बसलात तर माऊसचं मूळ पेटंटच तुमच्या हातून निसटेल. जुन्या गोष्टी शोधताना त्या काळचे शब्द वापरावे लागतात, हा दुसरा धडा.

आणि संशोधक म्हणून पेटंटवर नाव एकट्या एंगलबार्ट यांचं आहे. ठोकळा घडवणारे, चाचण्या घेणारे, लेखावर पहिलं नाव असणारे इंग्लिश तिथे नाहीत. पेटंट हा कायद्याचा कागद आहे. हक्क कशावर आणि कुणाचा, एवढंच तो सांगतो. काम कुणाकुणाच्या हातून गेलं हे सांगण्यासाठी तो लिहिलेलाच नसतो. बरं, पेटंटची मालकीही एंगलबार्ट यांच्याकडे नव्हती, ती संस्थेकडे होती. माऊस जगभर गेला, पण त्यांना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. ते २०१३ मध्ये गेले, इंग्लिश २०२० मध्ये.

दोन महिन्यांचं भांडण

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत, सुमारे हजार लोकांसमोर, एंगलबार्ट यांनी दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माऊस लोकांना तिथे दिसला. हे प्रात्यक्षिक इतकं गाजलं की अनेक ठिकाणी माऊसचा जन्म १९६८ असाच सांगितला जातो.

इथूनच गोंधळ सुरू होतो. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीचं 'रोलकूगेल' नावाचं साधन होतं. नावाचा अर्थच फिरता गोळा. हवाई वाहतूक नियंत्रणासाठी त्यांच्याकडे ट्रॅकबॉल बनवण्याचं काम आलं होतं. रायनर मालेब्राइन आणि सहकाऱ्यांनी तो ट्रॅकबॉल उलटा केला आणि हाताने सरकवायचं साधन तयार झालं. ही आपली पहिली उलटापालट. कंपनीच्या २ ऑक्टोबर १९६८ च्या माहितीपत्रकात ते छापून आलं, म्हणजे एंगलबार्ट यांच्या प्रात्यक्षिकाच्या दोन महिने आधी!

मग काय, 'माऊस खरं तर जर्मनांचा' असे लेख निघाले. पण आपण नुकत्याच बघितलेल्या तारखा समोर ठेवा. प्रात्यक्षिक १९६८ चं, पण पेटंटचा अर्ज १९६७ चा, नासाचा अहवाल १९६५ चा आणि ठोकळा त्याच्याही आधीचा. दाखवल्याची तारीख आणि बनवल्याची तारीख एक धरली की असा घोळ होतो. दुसऱ्या बाजूने हेही खरं की बॉल असलेला माऊस विक्रीला आणण्यात टेलिफुंकेन पुढे होती. चाकांचा माऊस आणि बॉलचा माऊस दोन वेगळ्या वाटांनी आले. एकाचं श्रेय काढून दुसऱ्याला द्यायची गरजच नाही.

तीनशे डॉलरचा माऊस स्वस्त कसा झाला

इथवरचा एकही माऊस घरगुती कॉम्प्युटरचा नव्हता. इंग्लिश १९७१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात गेले आणि तिथे चाकांच्या जागी बॉल आला. तिथेच १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी पुन्हा मोजमाप प्रसिद्ध केलं. माऊसने निवड करण्याचा वेग माणसाच्या हाताच्या स्वतःच्या मर्यादेच्या जवळ जातो, असं त्यातून दिसलं. पण १९८१ मध्ये झेरॉक्सचा माऊसवाला 'स्टार' बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती १६,५९५ डॉलर. घरात कोण घेणार?

ॲपलला स्वस्त माऊस हवा होता. हे काम डीन होवी यांच्या छोट्या डिझाइन कंपनीकडे आलं. होवी यांच्या सांगण्यानुसार स्टीव्ह जॉब्स यांची अट अशी होती: आताचा माऊस तीनशे डॉलरला पडतो आणि दोन आठवड्यांत बिघडतो, मला पंधरा डॉलरच्या आत बनणारा, दोन वर्षं टिकणारा आणि जीन्सच्या मांडीवरही चालणारा हवा. होवी यांनी दुकानातून रोल-ऑन डिओडरंट आणि लोण्याची डबी आणून पहिला नमुना जुळवला. पुढे त्यांचे सहकारी जिम युर्चेन्को यांनी अटारीच्या व्हिडिओ गेमचा ट्रॅकबॉल उघडून पाहिला. त्यातला बॉल कशाने दाबून धरलेला नव्हता, तो सैल बसवलेला होता आणि त्याचं फिरणं प्रकाशाच्या साहाय्याने मोजलं जात होतं. तेच तत्त्व त्यांनी माऊसमध्ये आणलं. ही झाली दुसरी उलटापालट. १९८३ मध्ये ॲपलच्या 'लिसा'सोबत आणि १९८४ मध्ये २,४९५ डॉलरच्या 'मॅकिंटॉश'सोबत माऊस लोकांच्या टेबलावर आला.

आपण लॅबमध्ये नखाने साफ केलेला माऊस याच घराण्यातला. त्यात लाकडाच्या ठोकळ्यातली काटकोनाची कल्पना आहे आणि रडारवाल्यांचा बॉलही आहे.

मग परीक्षेत काय लिहायचं?

स्पर्धा परीक्षेत पर्याय विचारला तर बिनधास्त एंगलबार्ट लिहा, गुण जाऊ देऊ नका. पण प्रबंधात तेवढं पुरणार नाही. तिथे असं लिहावं लागेल: हाताने टेबलावर सरकवायच्या साधनाची कल्पना आणि पेटंट एंगलबार्ट यांचं, बांधणी आणि चाचण्यांत इंग्लिश यांचा मोठा वाटा, बॉलचं तत्त्व त्याआधी नौदलाच्या ट्रॅकबॉलमध्ये, बॉलचा माऊस विक्रीला टेलिफुंकेनचा, आणि सामान्य माणसाला परवडेल असा माऊस होवी-युर्चेन्को यांच्या कामातून. वाक्य लांबलं, मान्य. पण त्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे वेगळा कागद उभा आहे: कुठे अहवाल, कुठे पेटंट, कुठे माहितीपत्रक, तर कुठे नंतर सांगितलेली आठवण. आणि या कागदांचं वजन सारखं नसतं. होवींची तीनशे डॉलरची गोष्ट मी 'त्यांच्या सांगण्यानुसार' म्हणूनच का लिहिली, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आता तुमचा प्रस्ताव उघडा आणि त्यात 'सर्वप्रथम', 'पहिला', 'जनक', 'यापूर्वी कोणीही नाही' हे शब्द शोधा. प्रत्येक शब्दापुढे समासात दोन गोष्टी लिहा: कशात पहिला, आणि कोणत्या कागदावरून. जिथे दुसरी जागा रिकामी राहील, तिथे वाक्य बदला. आणि त्या कागदावर ज्याचं नाव आलेलं नाही असा एखादा बिल इंग्लिश तुमच्या विषयात आहे का, तेही एकदा बघा. कदाचित तुमच्या संशोधनाचा खरा प्रश्न तिथेच असेल.